गालावरच्या तीन रेघा

आई,

कुमासी शहरातल्या इस्पितळातून लिहितेय. केळी तळताना कढई कलंडली आणि माझा डावा गाल पार आतपर्यंत भाजला. जीव वाचलाय, पण भीती जात नाही.

डॉक्टर बैडू माझ्याच पेशींपासून यंत्रावर नवी कातडी छापताहेत. उद्या ती लावणार. "एक डाग सापडला तर नाव बदलेन!" असं ते खुशीत म्हणाले. म्हणजे तुझ्या रेघाही गेल्याच.

माझ्याआधीची तुझी चारही बाळं गेली. म्हणून माझं नाव तू सुमिना, म्हणजे उकिरडा, ठेवलंस आणि याच गालावर पात्यानं तीन रेघा ओढल्यास, मरणानं मला कुरूप समजून सोडून द्यावं म्हणून. मी शाळेत विज्ञान शिकवते, असलं काही नसतं असं पोरींना बजावते. तरी विचारलंच, "तुमच्या यंत्राला तीन रेघा काढता येतील का हो?"

"अहो बाई, तुम्हीसुद्धा?" ते हसतच सुटले.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं, तर पातं घेऊन तू पहिल्या गाडीनं येशील. पण खरं सांगू? सकाळपासून दाराशी पाऊल वाजलं, की तूच आलीस असं वाटतं.

उद्यापर्यंत तरी कुरूप,
तुझी सुमिना