गाडीला अर्थ नाही

तीर्थस्वरूप दादा,

धाकटीचा नमस्कार. (उभ्यानेच घे. लोटांगण घालायला हॉलमध्ये जागा नाही, तिथे तुझ्या मेहुण्यांनी पाने, पक्कड आणि जुने बल्ब मांडून ठेवले आहेत.) वहिनीची पाठ कशी आहे? इकडे सगळे ठीक, बाबांची गाडी सोडून.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं, हे तुला ठाऊक आहेच. आता डॉक्टरांनी बजावलंय, बुधवारी या, आणखी लांबवलंत तर डोळ्याची खात्री देणार नाही. आई कबूल झाली, पण अट घालून: जाईन तर ह्यांच्याच गाडीतून. आणि नेमके त्याच आठवड्यात गाडीचे हेडलाइट बिघडले. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, आधी गाडीचे डोळे नीट करा, मग माझ्याकडे वळा. टॅक्सीचं नाव काढलं की तिला ऐकूही कमी येतं.

बिघाड तरी सरळ असावा. दिवे लावले की मिणमिणतात, ब्रेक दाबला की डावा मालवतो आणि इंडिकेटर दिला की दोन्ही त्याच्या तालावर डोळे मिचकावतात. (समोरून आलेल्या एका सद्गृहस्थांनी त्यावर हसून हात केला. मीही केला. कोण होते कोण जाणे.) तुझे मेहुणे म्हणाले, बल्ब गेलेत. नवे आणले, त्यातला एक उलटा बसवला, त्याचा झोत थेट पहिल्या मजल्यावरच्या बाईंच्या बाल्कनीत. त्यांनी वाळत घातलेले कपडे आत नेले. मग फ्यूज बदलले. मग कुणीतरी सांगितलं म्हणून काचा टूथपेस्टने घासल्या. काचा लखलखीत झाल्या, दिवे होते तसेच राहिले आणि सकाळी दात घासायला कुणालाच काही उरलं नाही. आई खिडकीत बसून खाली चहा पाठवत होती. प्रत्येक फजितीनंतर तिचा चेहरा खुलायचा. मला वाटलं, जावयाचं कौतुक.

शेवटी चौकातल्या वायरिंगवाल्याला बोलावलं. बॉनेट उघडून तो बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, ह्या गाडीला अर्थच नाही."

दादा, बावीस वर्षं मराठी शिकवतेय मी. मी त्याला चांगलं सुनावलं, की वडिलांच्या आठवणीची गाडी आहे, तिला अर्थ आहे की नाही ते आम्ही ठरवू. तो म्हणाला, अर्थाशिवाय दिवे कसे लागतील? मी म्हटलं, अर्थाशिवाय पुष्कळ काही चालतं, आमच्या शाळेचं नियतकालिक वाचा. अशी आमची दहा मिनिटं छान चर्चा झाली. मग त्याने एक काळी वायर माझ्यासमोर धरली. ही म्हणे अर्थची, म्हणजे अर्थिंगची वायर, करंटची परतीची वाट, ती नटाने पत्र्याला घट्ट आवळलेली असते. इथे नटच नाही, म्हणून करंट वाट फुटेल तिकडे धावतो. (नट नसताना एवढं नाटक, असं मी म्हटलं. तो हसला नाही.) रस्त्यात पडला असेल, उद्या नवा आणतो, असं सांगून तो गेला. तेव्हा काळजी नसावी.

तुझी,
धाकटी

ता. क. नट सापडला. बटण शिवायला आईची बटणांची डबी उघडली, तर चिंधीत नीट गुंडाळलेला. बाबा गाडीखाली शिरले की तीस वर्षं त्यांच्या हातात पाने कोण देत होतं, हे आपण विसरलोच. मी नट तिच्या तळहातावर ठेवला. तिने चाचपला, नाही म्हणाली नाही. "दहाचा पाना लागेल म्हणावं त्याला," एवढंच बोलली. मग डबीचं झाकण लावत म्हणाली, "डोळ्याला हत्यार लावणार गं. मला फार भीती वाटते." मलाही वाटते, दादा. तू मंगळवारीच ये. तिचे दोन हात आहेत, आणि मी एकटी एकच नीट धरू शकते.

ता. क. २. आज सकाळी दिवे झक्क लागले. गाडीची किल्ली मात्र मिळत नाहीये. आई मनापासून शोधू लागतेय. येताना तुझ्याकडची दुसरी किल्ली आण, आणि आणतोयस हे फोनवर तिला सांगू नकोस.