थोरल्या रस्त्यावर सगळ्यांच्या मागे

सोमवार, ३ मार्च

आत्याचं ऑपरेशन झालं. घशातली गाठ काढली. आता एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने घशावर जास्त ताण येतो म्हणे. बाबा म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं ही नुसती ओरडत होती तेच बरं होतं." आत्याने त्यांना उशी फेकून मारली. बहीण-भावाचं बोलणं सुरू आहे म्हणायचं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली होती, "महिनाभर थोरला रस्ता तू सांभाळ. तेवढ्यात येतो माझा आवाज परत." मी मान हलवली. मान हलवणं हा माझा आजार आहे. 'नाही' म्हणायला तोंड उघडावं लागतं.

मंगळवार, ४ मार्च

उद्यापासून जायचं.

आत्या बाहेरगावच्या लोकांना थोरला रस्ता दाखवते. नदीच्या धक्क्यापासून जुन्या वेशीपर्यंत, पायी. आणि ती चालते उलटी – तोंड लोकांकडे, पाठ रस्त्याकडे. आजवर एका खांबाला आपटली नाही. मी लहान असल्यापासून भिंतीपलीकडून तिची घोकंपट्टी ऐकते आहे. कुठे थांबायचं, कुठे लोक हसतात, सगळं पाठ आहे. फक्त ते तोंडातून बाहेर काढायचं आहे.

शाळा सुटली ती याच्यावरूनच. उभं राहून वाच म्हटलं की माझी दातखीळ बसायची. एकदा बाई म्हणाल्या, "वाचत नाहीस तोवर उभी राहा." मधल्या सुट्टीपर्यंत उभी राहिले, मग घरी आले ती परत गेलेच नाही.

बाबा म्हणतात, "त्यात काय आहे? रस्ता म्हणजे वरचं झाकण. खरी गंमत खाली, पाइपात." बाबा नळदुरुस्ती करतात. त्यांना सगळ्या जगाची गंमत पाइपात दिसते.

बुधवार, ५ मार्च

मेले.

धक्क्यावर लोक उभे होते. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. एवढी तोंडं! माझी पाचावर धारण बसली. उलटं चालणं सोडाच, मी त्यांच्याकडे पाठ केली आणि नदीकडे बघत सुरुवात केली. "हा रस्ता माणसांनी नाही, खेचरांनी आखला. धक्क्यावर मीठ उतरायचं, ते पाठीवर घेऊन खेचरं चढ टाळत टाळत वेशीपर्यंत जायची. म्हणून रस्ता असा नागमोडी." वाक्य पूर्ण झालं! कुणी हसलं नाही, पण कुणी मारलंही नाही. मग तशीच पुढे तोंड करून चालायला लागले. बोलत राहिले. वळून बघायचा धीर नव्हता.

मिठाच्या गोदामापाशी सगळं सांगितलं. दगडाला मिठाची चव अजून लागते, चाटून बघा, असंही सांगितलं. तिथे आत्याच्या वेळेला हमखास हशा होतो. आज नाही झाला. लोहाराच्या वाकणाशी आले. तिथे रस्ता काटकोनात वळतो, कारण मोजणीदार आला तेव्हा लोहाराने भट्टी हलवायला नकार दिला. मोजणीदार म्हणाला हलव, लोहार म्हणाला विझली की हलवतो, आणि त्याने ती कधी विझूच दिली नाही. हे सांगून झालं आणि मागून आवाज आला, "ताई, छान आहे हो, पण आम्ही जेवायला चाललोय."

वळले. मागे बँकेतले लोक. डबे हातात. बिचारे मिठाच्या गोदामापासून माझ्या मागे येत होते आणि सभ्यपणाने ऐकत होते. एकाने म्हणे दगड चाटलासुद्धा.

माझे लोक? ते धक्क्यावरच मागे राहिले होते. कुणीतरी फोटो काढत थांबलं म्हणून बाकीचे थांबले. तिथून त्यांना भोंग्याने आपल्या गाडीत घालून नेलं.

गुरुवार, ६ मार्च

भोंगा म्हणजे तो, ज्याची उघडी गाडी आहे, वर कर्णा लावलेला. त्याला थोरला रस्ता हवा आहे. नगरपालिकेची कचेरी हा रस्ता दाखवायचा परवाना एकालाच देते, आणि तो आत्याकडे आहे. या महिन्यात नवा करायचा आहे. कचेरीतले साहेब कधीतरी गुपचूप येऊन बघणार, काम नीट चाललं तर परवाना आत्याला, नाहीतर भोंग्याला. रस्ता गेला तर आत्याचं सगळंच गेलं. तिला दुसरं काही येत नाही. स्वैपाक तर नाहीच.

भोंगा आज कोपऱ्यावर भेटला. "काय गं, बँकवाल्यांना शिकवलंस म्हणे? बोलणाऱ्याचे हुलगे खपतात पोरी, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात." मी मान हलवली.

घरी आत्याने हातवारे करून विचारलं, कसं झालं? बाबा म्हणाले, "ती विचारतेय भात लावला का." आत्याने पुन्हा हातवारे केले. "ती म्हणतेय, दोन शिट्ट्या." आत्याने कपाळाला हात लावला. हे मात्र बाबांना बरोबर समजलं.

मी तिला खोटं सांगितलं. ठीक झालं म्हटलं.

शुक्रवार, ७ मार्च

आज ठरवलं, काही झालं तरी माणूस हरवू द्यायचा नाही. गुराख्यासारखी सगळ्यांच्या मागे राहिले. आता पुढे कुणीच नाही! लोक इकडे तिकडे बघायला लागले. शेवटी एक आजी काठी टेकत पुढे निघाल्या. गोदामापाशी थांबून, मागे न वळता म्हणाल्या, "आता हे काय आहे गं बाई?"

आणि मी सांगितलं. सगळं. अडखळले नाही. कारण समोर एकही तोंड नव्हतं. नुसत्या माना, टोप्या, अंबाडे, कान. कानांना काय घाबरायचं?

"उजवीकडे बघा, खिडकीखाली." सगळ्या माना उजवीकडे. "आता वर." सगळ्या वर. माझ्या शब्दावर एवढी डोकी हलली! घरात मांजर ऐकत नाही माझं.

दगड चाटायला सांगितलं तेव्हा हसले लोक. आजींनी खरंच चाटला. "खारट आहे," म्हणाल्या. मग बाकीच्यांनी रांग लावली.

मंगळवार, ११ मार्च

रोज मागूनच. आता सुरुवातीलाच सांगते, "वळून बघायचं नाही. रस्ता पुढे आहे." एक काका म्हणाले, बरं झालं, नाहीतर आम्ही गाइडचाच चेहरा बघत राहतो आणि रस्ता बघायचा राहून जातो. मी हे मुद्दाम केलं असं त्यांना वाटलं. वाटू दे.

माणसं मला आता मानेवरून ओळखू येतात. लाल कानाचे, तीन वळ्यांचे, परवा केस कापलेले. बाजारात एक बाई "अगं, ओळखलंस का?" म्हणाल्या. चेहऱ्यावरून कसं ओळखणार? म्हटलं, जरा वळा. वळल्या. ओळखलं.

शुक्रवार, १४ मार्च

आत्याला खरं सांगून टाकलं. बँकवाले, मागे चालणं, सगळं. तिला इतकं हसू आलं की हसण्याचाही आवाज काढायचा नाही म्हणून तिने तोंडात पदराचा बोळा कोंबला. डोळ्यांतून पाणी.

मग तिने मला बसवलं आणि हातांनी शिकवलं. थांब. इथे श्वास घे. लगेच पुढचं बोलू नकोस, हसू दे त्यांना. टेबलावर बोटांची माणसं करून चालवली, वाकणाशी उभी केली. मीठदाणी म्हणजे गोदाम, बाबांचा पाना म्हणजे रस्त्यावरचा जुना तुरुंग. बाबा पाना शोधत आले. "माझा पाना कुठाय?" म्हणत त्यांनी गोदामात, म्हणजे मीठदाणीत, हात घातला. या घरात कुणाला काय समजतं देव जाणे.

आत्याचा हात घशाशी जातो अधूनमधून. दुखतं का विचारलं. नाही म्हणाली मानेने.

गुरुवार, २० मार्च

काय दिवस!

आज एक टोपीवाले होते. जाड मान, टोपीखाली घामाची रेघ. सारखे मागे वळायचे. मी म्हटलं, "टोपीवाले, रस्ता पुढे आहे." पुन्हा वळले. "टोपीवाले, तुमच्यामुळे बाकीच्यांना ट्रामचे रूळ दिसत नाहीत." घड्याळाच्या चौकात डांबराखाली ट्रामचे जुने रूळ आहेत, उन्हाने डांबर वितळलं की डोकं वर काढतात. टोपीवाले नेमके रुळावर उभे. "पाय उचला." उचलला. "दुसरा." तोही उचलायला गेले, आजूबाजूच्यांनी धरलं.

तुरुंगापाशी तर मी रंगात आले. पुढचा सगळा रस्ता कैद्यांनी फरसबंद केला. त्यांना सांगितलं होतं, दगड वेशीला लागले की तुमची सुटका. म्हणून बघा, तुरुंगाजवळचे दगड कसे सरळ, घासून बसवलेले. आणि जसजशी वेस जवळ येते तसतसे वाकडेतिकडे. शेवटचे तर नुसते फेकलेत. इथे मी थांबले. श्वास घेतला. हसू दिलं. खदखदून हसले सगळे. टोपीवालेसुद्धा, मान हलत होती.

मग म्हटलं, "दगड वेशीला लागले त्या दिवशी हुकूम आला – वेस पाडा, रस्ता पुढे न्यायचा आहे." आता कुणी हसलं नाही. वेशीचा एकच खांब उरलाय. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. मीही.

शेवटी टोपीवाले पूर्ण वळले. खिशातून ओळखपत्र काढलं. कचेरीतले साहेब! माझी दातखीळ परत बसली. मी ज्यांना पाय उचला म्हटलं ते!

साहेब म्हणाले, "इतकी वर्षं या रस्त्याने कचेरीला जातो. दगड वाकडे का ते आज समजलं. पण मुली, नियम आहे. ज्याच्या नावावर परवाना तो लोकांच्या पुढे चालला पाहिजे. गर्दीचा रस्ता आहे, गाड्या आहेत. तू मागे, पुढे कुणी नाही. हे चालायचं नाही."

मग लाल कानाचे एक म्हणाले, "साहेब, तिची आत्या आजारी आहे." त्यांना कुणी सांगितलं? मीच सांगितलं असणार बोलता बोलता. आता मी एवढी बोलते!

साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत असंच चालू दे. एक तारखेला बाई स्वतः पुढे दिसल्या तर परवाना त्यांचा. नाही दिसल्या तर दुसऱ्याचा अर्ज आलेला आहे.

दुसरा कोण ते सांगायला नको. तो गाडीत बसून पेरू खात होता.

शुक्रवार, २१ मार्च

बाबा म्हणाले, "मग झालंच की. महिना संपला की आवाज येतोय तिचा." मी म्हटलं, हो ना. खूश झाले. नाचलेसुद्धा थोडी.

आत्या नाचली नाही. भांडी घासत राहिली. घासलेलीच परत घासली.

मंगळवार, २५ मार्च

आत्या मला बरोबर घेऊन थोरल्या रस्त्याने चालली. ती पुढे, उलटी, मी समोर. मी म्हटलं, सराव कशाला, तुला सगळं येतं. तिने बोट ओठावर ठेवलं आणि मला खुणेने सांगितलं, बोल. तिचा चेहरा बघत बोलायला जमेना. पुन्हा, पुन्हा. लोहाराच्या वाकणाशी जमलं एकदाचं. वाकणावर भोंग्याची गाडी अडकली होती. ती तिथे वळत नाही! लोहाराचे उपकार.

रविवार, ३० मार्च

उद्या डॉक्टरांकडे. परवा आत्या पुढे, मी घरी. आनंद व्हायला हवा. मांजरीला तुरुंगाची गोष्ट सांगितली. तिने ऐकली नाही.

सोमवार, ३१ मार्च

डॉक्टर म्हणाले, आवाज येणार नाही. मी म्हटलं, महिनाभरात येणार होता ना? त्यांनी आत्याकडे बघितलं. "मी तर यांना ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं."

घरी आलो. बाबा दारात होते. त्यांना आत्याचे हातवारे या वेळी लगेच समजले.

मंगळवार, १ एप्रिल

धक्क्यावर लोक होते, साहेबही होते. आत्या सरळ जाऊन सगळ्यांच्या पुढे उभी राहिली आणि उलटी वळली. मी सगळ्यांच्या मागे. मध्ये नुसत्या माना. एवढ्या जणांत एकच तोंड माझ्याकडे होतं.

तिने मान हलवली. मी सुरुवात केली.