उजव्या हाताचं माप

१८ जानेवारी

माझा अंगठा तळहातात दुमडून बांगडीवाल्या काशम्मांनी शेवटची बांगडी सरकवली. साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. दोन्ही हातांचं माप दोन-चार, लेकराचा हात हाय, असं त्या म्हणाल्या. भुवनेश्वरी अक्का शेजारी उभ्या राहून बघत होत्या. केम गावाहून आलेल्या पोरीचे हात सोलापुरात ओकेबोके दिसू नयेत, म्हणून प्रयोगशाळेतून त्यांनी मला थेट मधल्या मारुतीपाशी बांगड्या भरायला आणलं. आज कामाचा पहिला दिवस होता.

अंड्यातल्या पिल्लाच्या स्नायूपेशी काचेच्या बशांत वाढवायच्या आणि त्यांना यंत्रात जोडलेले डीएनएचे लहान तुकडे द्यायचे. तुकडे मिळाले की पेशी एकमेकींना चिकटतात, त्यांचे धागे होतात, धाग्यांचं मांस होतं. कोंबडी कापावी लागत नाही. हे सगळं अक्का चालवतात. त्यांच्या घरात अंडंही शिरत नाही. पेशीला चोच नसते, तेव्हा चालतं, असं म्हणून त्या स्वतःच हसल्या.

बांगड्यांवर ॲप्रनची बाही ओढायची, एवढीच अट. इतर ठिकाणी काढायला लावतात.

२३ जानेवारी

बशांच्या दोन रांगा असतात. उजव्या रांगेला डीएनएचा तुकडा मिळतो, डावीला काहीच नाही. डावी नसेल तर उजवीत काय घडलं ते कळत नाही. धागे तयार झाले की त्यांना विजेचे हलके झटके देतात, व्यायाम म्हणून. यंत्र टक, टक करतं. दर टकला धागे आखडतात. भिंगाखाली बराच वेळ पाहत बसले.

माझा हात हलका आहे, एक थेंब वाया जात नाही, असं अक्कांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

स्पिरिटनं हात फुटले, तर अक्कांनी मलमाच्या दोन डब्या आणल्या. डाव्या हाताला पांढऱ्या झाकणाची, उजव्याला निळ्या झाकणाची. उजवा जास्त राबतो, त्याला जास्त लागतं म्हणे. जेवणानंतर स्वतः चोळतात. टेबलावर अंगठीनं टक, टक करतात आणि मी हात पुढे करते. आई गेल्यापासून माझा हात कुणी असा हातात घेतला नव्हता.

६ फेब्रुवारी

उजव्या हातातली बांगडी पिचली. अक्का लगेच काशम्मांकडे घेऊन गेल्या. डाव्यात अजून दोन-चार. उजव्यात दोन-सहासुद्धा जेमतेम. नेमकी कुठं अडते, असं अक्कांनी विचारलं. काशम्मांनी अंगठ्याचं मूळ दाबून दाखवलं. हितं मांस भरलंय, म्हणाल्या. शहराची हवा मानवली पोरीला.

उतरवलेल्या बांगड्या अक्कांनी पर्समध्ये टाकल्या. भाचीला होतील, म्हणाल्या.

२० फेब्रुवारी

उजव्या हाताला दोन-दहा. कुणालाही न उघडणारं झाकण आता माझ्याकडे येतं. शिपाई निंगप्पा मला पैलवान म्हणतो. उद्यापासून खुराकाला बदाम आणू का, असं आज विचारत होता. सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. जोर कोणत्या बोटात वाटतो, ते त्यांनी विचारलं.

यंत्र चालू असलं की अंगठा आत वळतो. बघून बघून सवय लागली असेल.

२६ फेब्रुवारी

रिक्षा वळणावर थांबली. इंडिकेटर टिकटिकत होता. मांडीवर अंगठा त्याच तालात हलत होता. डाव्या हातानं दाबून धरला. अंगठ्याबरोबर डावा हातच उचलला गेला.

१ मार्च

काशम्मांकडे एकटी गेले. अक्कांना सांगितलं नाही. काशम्मांनी माझा उजवा हात हातात घेतला आणि लगेच सोडला.

मागल्या पोरीलाबी भुवनेश्वरी अशीच आणायची की, म्हणाल्या. लई माया करायची. तिचाबी उजवाच वाढला. डावा तसाच हाय तेच बरं, फरक दिसतो, असं भुवनेश्वरी म्हनायची.

ती मुलगी कुठं आहे, मी विचारलं. ठाऊक न्हाय. दोन-बाराबी चढंना, मग आणायचीच थांबली.

डावी रांग रोज सकाळी मीच भरते. पांढरं झाकण, निळं झाकण. डब्या आणल्या त्याच दिवशी मला कळायला हवं होतं.

बांगड्या चढवायला नाही, माप घ्यायला आणत होत्या.

२ मार्च

कामावर गेले नाही. अक्कांचा फोन आला. निळ्या डबीत डीएनएचे तुकडे आहेत का, असं मी विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. सांगितलं असतं तर तू हात दिला असतास का, असं त्यांनी विचारलं. आवाज रोजचाच, मायेचा. मग म्हणाल्या, आजचं चोळायचं राहिलं बघ.

मलमाचं एवढं नाही. दुपार झाली की मी वाट बघायचे. त्या टेबलाशी येण्याची —

३ मार्च

डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षर वाचता येईल का —

उजव्यातल्या बांगड्या फुटल्या. मी काही केलं नाही. मूठ आपोआप —

उजवा ओढणीनं कमरेला बांधला. उद्या सकाळच्या गाडीनं केम. भाऊ स्टेशनवर येईल. त्याला एवढंच सांगितलं की हात —

आता टक नसतानाही —

४ मार्च

सकाळी अक्का माझ्या खोलीवर आल्या. मी पिशवी घेऊन, आतून कडी लावून, दाराला पाठ टेकून उभी होते. त्यांनी हाक मारली नाही. दारावर अंगठीनं टक, टक केलं. ओढणी फाटली. उजव्या हातानं कडी काढली.