आजचा शब्द: पास

२ नोव्हेंबर, रविवार
सुनेने ऑफिसातली डायरी दिली. ह्याच वर्षाची. वर्ष संपत आलं तेव्हा माझी आठवण झाली. असू दे, पानं कोरी आहेत.
आजपासून इंग्रजी. नात स्पृहा शिकवणार. रोज एक शब्द. शिमग्यापर्यंत फाडफाड बोलेन, मग आमची सून आकांक्षा फोनवर माझ्याबद्दल इंग्रजीत काय बोलते तेही कळेल.
पहिला शब्द: पास. हा तर मला येतोच. मी चौथी पास. स्पृहा म्हणाली, आजी, ह्याचे खूप अर्थ आहेत. म्हटलं, असू देत, उद्यापर्यंत सगळे संपवते.
म्हातारा दोन घास खाऊन उठला. दम लागतो म्हणे. नाटकं.

३ नोव्हेंबर, सोमवार
पास अजून चालूच.
बसचा पास असतो. म्हाताऱ्याकडे आहे. दर बुधवारी शिवडीला जातो, मिलमधल्या दोस्ताकडे, त्या शिवाकडे पत्ते कुटायला. पत्त्यात पान नसलं की म्हणतात तोही पास. आणि हे सगळं मिळून टाइमपास. कंपास ह्यात धरायचा नाही, मी विचारून घेतलं.
बुधवारी तिकडून आला की जेवत नाही. मी मासे करून बसते आणि हा म्हणतो, पोट भरलंय. शिवाला बायको नाही, म्हणजे दोघं गाडीवरची भजी खात असणार. त्याच तेलाने छाती भरलीय.
उद्या नवा शब्द. नक्की.

५ नोव्हेंबर, बुधवार
नवा शब्द राहिला. काल म्हाताऱ्याला हॉस्पिटलात ठेवलं. छातीत पाणी झालंय, किडनी थकलीय म्हणे. मिलमध्ये तिन्ही पाळ्या केल्या तेव्हा थकली नाही, ती आता खाटेवर बसून थकली? आळस आहे तो.
वॉर्ड कडक आहे. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. आत एकच माणूस, आणि पास असेल तरच. पिवळं कार्ड आहे. माझा राहुल म्हणाला, आई, मी ठेवतो. म्हटलं, तू ऑफिसात विसरशील. पोलक्यात ठेवलंय.
सिस्टरने विचारलं, बाबा, युरीन पास झाली का? मला वाटलं तपासणीचा निकाल विचारतेय. म्हटलं, रिपोर्ट तुमच्याकडे, आम्हाला काय विचारता? बाजूच्या खाटेवरचा बायपासवाला टाके दुखेपर्यंत हसला.
रविवारी घरी आणायचं. ठरलं. बांगड्याचं तिखलं समोर ठेवलं की उठून बसेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार
गेटवर मेघना उभी होती. माझी मुलगी. शीवला राहते. तीन वर्षं आमचं बोलणं नाही.
कारण लिहून ठेवते, उगाच माझ्यावर नको. म्हाताऱ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तो तिच्याकडे राहिला होता. परत आला, माझ्या हातचं तिखलं खाल्लं आणि म्हणाला, मेघना तिरफळं बेताने घालते. चाळीस वर्षं माझी तिरफळं गोड लागली ह्याला! मी तिला फोन करून सांगितलं, बाप एवढा आवडतो तर ठेवून घे. तर ही म्हणते, ठेवते. आईला कुणी असं उलट बोलतं?
मी वाईट नाही. रविवारी म्हातारा घरी आला की तिला जेवायला बोलावणार आहे. फक्त पहिला शब्द तिने बोलायचा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
मेघना पुन्हा गेटवर. हातात डबा. राहुल म्हणाला, आई, दहा मिनिटं पास दे तिला. म्हटलं, रविवारी घरीच येणार ना बाबा, तेव्हा बघू दे पोटभर. आजारी माणसासमोर रडारड नको. तो म्हणाला, ती रडणार नाही. मी म्हटलं, मग येऊन उपयोग काय?
डबा राहुलबरोबर परत पाठवला.

८ नोव्हेंबर, शनिवार
शिवडीहून शिवा आला, काठी टेकत. त्याला पास दिला. माणुसकी आहे मला. मेघना बाकावरून बघत होती. बघू दे.
शिवा खाली आला तो डोळे पुसत. म्हणाला, वहिनी, तीन वर्षांनी बघितला भिकाजीला, ओळखलाच नाही. म्हटलं, अहो, मागच्या आठवड्यातल्या बुधवारी तर पत्ते खेळलात. त्याने नाही म्हणून मान हलवली.
बिचाऱ्याची मेमरी पार गेलीय. म्हातारपण वाईट.

९ नोव्हेंबर, रविवार
सोडलं नाही. पुढच्या रविवारी सोडतील. डॉक्टरांनी राहुलला बाजूला नेऊन सांगितलं. तो आला तर डोळे लाल. परळला धूळ फार, किती टॉवर बांधतात.
बांगडे आणून ठेवले होते ते शेजारी दिले.
घरी येऊन स्पृहाला म्हटलं, चल, पास एकदाचा संपवू. तिने मोबाईलवर काढून वाचलं. मुलं बॉल पास करतात तो पास. घाटातली वाट, तीही पास. मग पुढचा अर्थ मनातल्या मनात वाचला आणि मोबाईल उलटा ठेवला. म्हटलं, पुढचा सांग. म्हणाली, संपले. तोंड बघून कळत होतं, संपले नव्हते. आळशी पोर.

११ नोव्हेंबर, मंगळवार
म्हातारा काही खात नाही. माझी खिचडी थुंकली. वरणाचं पाणी तोंडातून ओघळून गेलं. सिस्टर म्हणाली, आजी, त्यांना आवडतं असं काहीतरी आणा. मी काय नावडतं आणलं होतं?
मेघनाचा डबा आज राहुलने माझ्या पिशवीत गुपचूप घातला होता. वर गेल्यावर दिसला. फेकायचा कुठे, म्हणून उघडला. पेज होती. मऊ, गरम, मीठ म्हणून नाही. बिनमिठाची पेज कोण देतं माणसाला?
दोन चमचे भरवले. गिळले. आणखी मागितली. वाटीभर खाल्ली. मग डोळे न उघडता म्हणाला, मेघना इली काय गो?
म्हटलं, मी केलीय. खा.
तो हसला, असं वाटलं.
आठ दिवसांनी अन्न पोटात गेलं, माझ्या हाताने. भरवणारं कोण ह्यावर सगळं असतं. रविवारी घरी नक्की.

१२ नोव्हेंबर, बुधवार
म्हाताऱ्याने सकाळी वार विचारला. बुधवार म्हटल्यावर उठायला लागला. नळ्या ओढल्या. माझो बसचो पास खय आसा? सारखं तेच. सिस्टर आणि मी, दोघींनी धरला. किती हलका झालाय.
मरणाच्या दारातून वाचलाय आणि ह्याला पत्ते सुचतायत. खूप बोलले मी त्याला. मग तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.
खाली आले तर मेघना बाकावर. आज डबा नव्हता. माझ्याकडे बघत नव्हती. तिची मान अगदी त्याच्यासारखी, एका बाजूला पडते. एवढ्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.
ठरवलं. उद्या सकाळचा पास तिला. पूर्ण तास. पहिला शब्द मीच बोलेन, काय व्हायचं ते होऊ दे. आज द्यायला हवा होता, पण संध्याकाळी तो झोपलेला असतो, उगाच तिचा हेलपाटा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
काल सकाळी गेटवर गेले. पोलक्यातून पास काढला. मेघनाच्या हातात दिला. म्हटलं, जा. पहिला शब्द तोच.
तिने पास दाखवला. वॉचमन वर फोन लावून बोलला. मग बाजूला झाला. म्हणाला, मावशी, सगळेच जा आता, पास लागणार नाही.
मला वाटलं, वॉर्डातून घरी सोडतायत.

२६ नोव्हेंबर, बुधवार
काल तेरावा झाला. पाहुणे गेले. मेघना भांडी घासायला थांबली. मी पुसून ठेवत होते.
तिने विचारलं, आई, पेज खाल्ली होती का बाबांनी?
म्हटलं, खाल्ली. पण मीठ नव्हतं.
ती म्हणाली, मीठ बंदच होतं ना त्यांचं. दर बुधवारी कुरकुर करायचे आणि वाटी पुसून खायचे.
म्हटलं, कुठल्या बुधवारी?
नळ चालूच होता. तिने बंद केला. म्हणाली, सगळ्याच. तुला सांगू नको म्हणायचे. तुझ्या आईला कळलं तर बसचा पास काढून घेईल, असं.
मी ताट पुसत राहिले. कोरडं झालं होतं, तरी.
तिला सांगायला हवं होतं, त्यांनी काय विचारलं ते. तिच्या नावानेच विचारलं. तोंडापर्यंत आलं. तेवढ्यात आकांक्षाने चहा आणला. मग मेघना निघालीच. रविवारी येते म्हणाली. रविवारी सांगेन.
शिवाची मेमरी ठीक आहे.
स्पृहाने विचारलं, आजी, नवा शब्द घ्यायचा? म्हटलं, राहू दे. तो उरलेला अर्थ आता तूही सांगू नकोस.
संध्याकाळी पेज केली. मीठ न घालता. वाटी पुसून खाल्ली.
मीठ हवंच होतं.