चालू-बंदच्या बटणावरची तूर

मंगळवार, दिवेलागण. आळंद.

गाणी लावायची पेटी एकदाची पूर्ण झाली. तळहाताएवढी, तीन बटणं, आवाजासाठी एक गोल खुंटी, मागून वायर थेट कॉम्प्युटरला. नजर गेल्यापासून ह्यांना पडद्यावरचं काही दिसत नाही. गाणं थांबवायला मला हाक मारावी लागते, ते त्यांना रुचत नाही, म्हणून दोन महिने गाणीच बंद. बीएस्सीचं फिजिक्स इतक्या वर्षांनी कामाला आलं.

बटणं हाताला सारखीच लागत होती. म्हणून चालू-बंदवर तूर, पुढच्या गाण्याला हरभरा, मागच्याला ज्वारी चिकटवली. जन्मभर अडतीत धान्य बोटांनी पारखलेला माणूस, त्याला आणखी काय समजावायचं?

तर म्हणतात, "ही तूर कामून लावलीस? किडकी हाय."

"खायची नाही, दाबायची आहे."

"म्हणून किडकी लावायची व्हय?"

नखानं खरवडून दुसरा दाणा लावला. नसता हट्ट. पण तूर खरंच किडकी होती, मला डोळे असून दिसली नाही.

मग स्वयंपाकघरातून ऐकत राहिले. गाणं बदललं, मागचं परत लागलं, आवाज वाढला. मला हाक नाही. हेच हवं होतं ना? मग दोनदा दाराशी कशाला जाऊन आले?

तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी गाणं थांबवलं.

"किती येरझाऱ्या घालायलीस? बस की हितं."

भाकरी तव्यावर होती. गॅस बंद करून आले आणि बसले.