भिंगरीचं गळती रजिस्टर

रविवार, १ सप्टेंबर. सकाळी ११
निर्णय झाला. भिंगरीचं डायपर सोडवायचं काम उद्यापासून माझ्याकडे. नव्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर माहिती लिहायची आमच्या खात्याची पद्धत आहे, म्हणून लिहितो. भिंगरी: आमची मुलगी, वय दोन वर्षं सात महिने, दिवसभर गरगर फिरते म्हणून हे नाव. मुदत: सोमवार, २३ सप्टेंबर, सकाळी दहा. त्या दिवशी बालवाडीच्या बाई तिला तासभर वर्गात बसवून बघणार. डायपरवालं मूल त्या घेत नाहीत. शू आली की मुलानं आपणहून सांगायला हवं. एकच जागा उरली आहे.

बालवाडी मिळाली तर बायको १ ऑक्टोबरला लॅबमध्ये परत रुजू होणार. रक्त तपासण्याचं काम आहे तिचं. लॅबनं तिची जागा त्याच तारखेपर्यंत धरून ठेवली आहे. नाही गेली, तर त्या खुर्चीत दुसरी कोणीतरी बसेल.

बायकोचं म्हणणं, तू मध्ये पडू नकोस, आम्ही दोघी बघून घेतो. मला हसू आलं. चौदा वर्षं नळांच्या कारखान्यात गळती चाचणीचा प्रमुख आहे मी. माझ्या हाताखालून गेलेला नळ ठिबकत नाही. इथे तर एकच पोरगी.

माझी शिफ्ट: सकाळी सात ते नऊ, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, शनिवार-रविवार पूर्ण. उरलेला वेळ बायको सांभाळेल.

सोमवार, २ सप्टेंबर. सकाळी ८.४०
गाणारी पॉटी आणली आहे. आत ओलं लागलं की वाजते. भिंगरीला प्रात्यक्षिक दाखवलं. तांब्यातून पाणी ओतलं, वाजली. ती म्हणाली, पुन्हा. ओतलं. एकूण एकोणीस वेळा ओतलं. विसाव्या वेळी सेल संपले. मग भिंगरी पडद्यामागे गेली आणि उभ्या उभ्या मोकळी झाली.
गळती: १. पहिल्या दिवसाच्या मानानं उत्तम.

संध्याकाळी ७.३०
पॉटी डोक्यावर घालून फिरते आहे. फिरता फिरता सोफ्याजवळ गळती. कारखान्यात प्रत्येक गळतीनंतर जागेवर आढावा बैठक होते. पंधरा मिनिटं, मोबाइल बंद, आवाज चढवायचा नाही. तीच पद्धत घरी लावली. पुसून घेतलं, चटई टाकली, बसलो. भिंगरी येऊन मांडीवर बसली. शू कुठे करायची असते ते मी सविस्तर समजावलं. माझ्या शर्टाचं बटण फिरवत ती सगळं मन लावून ऐकत होती. इतकं लक्ष देणारा ऑपरेटर माझ्याकडे एकही नाही.

बुधवार, ४ सप्टेंबर. रात्री ८
आज मूळ कारण शोधायची पद्धत वापरली. पाच वेळा का विचारायचं, पाचव्या का ला कारण सापडतं. खाली का केलीस? म्हणे, शू आली. का आली? पाणी प्यायले. का प्यायलीस? म्हणे, तूच दिलंस. चौथा का मी विचारणार, तेवढ्यात तिनंच मला विचारलं, का? त्यानंतर सगळे का तिच्याकडूनच. मी उत्तरं देत गेलो. बायको सांगते की शेवटी मी साहेबांनी माझी बढती कशी अडवली त्याबद्दल बोलत होतो. असेल. मूळ कारण खोलवरच असतं.
गळती: ३.

शनिवार, ७ सप्टेंबर. संध्याकाळी ६
तक्ता लावला. पॉटीत केली की एक सोनेरी तारा. संध्याकाळी बघतो तर सात तारे! लगेच आईला फोन केला. आई म्हणाली, छान, पण तू स्वतः शाळेत जायला लागलास तरी पिशवीत जादा चड्डी असायची. आईची स्मरणशक्ती आता पूर्वीसारखी राहिली नाही.

संध्याकाळी ७
सातही तारे माझे निघाले. मी बाथरूममध्ये गेलो की भिंगरी दाराबाहेर उभी राहून झाली का बाबा, झाली का बाबा, म्हणून ओरडते. बाहेर आलो की टाळ्या आणि एक तारा. आज पाणी जरा जास्त प्यायलो होतो. तिच्या खात्यावर भोपळा. तक्ता काढून ठेवला.
गळती: ६. सुट्टीच्या दिवशी आकडा वाढणारच, कारण शिफ्ट मोठी.

सोमवार, ९ सप्टेंबर. सकाळी ८.५०
आज सुवर्णाक्षरांनी लिहावं असं. सात वाजून वीस मिनिटांनी भिंगरी आपणहून माझ्याकडे आली आणि म्हणाली, बाबा, शू. नेलं. बसवलं. झाली! रजिस्टरमध्ये खूण केली, शाब्बास म्हटलं आणि वेळ न दवडता लॅपटॉप उघडला. साहेबांचे अकरा मेल पडले होते. न गळणाऱ्या नळाची बैठक घेत नसतात, सरळ पुढचं काम.

तिनं दोनदा लॅपटॉपचं झाकण बंद केलं. मी दोनदा उघडलं. दहाव्या मिनिटाला टेबलाखाली गळती, माझ्या मोज्यांसकट. हे कोडं मला उलगडलेलं नाही. लॅपटॉप मिटला, चटई टाकली, पूर्ण पंधरा मिनिटं बैठक घेतली. बैठकीत मात्र एकदम शहाण्यासारखी वागते. बैठकीबद्दल माझी काही तक्रार नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर. संध्याकाळी ७
आकडे मांडले. माझ्या शिफ्टमध्ये एकूण गळती २७. बायकोच्या शिफ्टमध्ये पहिल्या दोन दिवसांत ४, त्यानंतर शून्य. शून्य! कुठल्याही खात्यात सलग सात दिवस शून्य आलं तर समजायचं, कोणी नोंदी नीट ठेवत नाही. बायकोला हे सौम्य शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, अरे, माझ्याजवळ असते तेव्हा सांगते ती, खरंच सांगते. मी म्हटलं, पुरावा? तिनं सुकत घातलेल्या चड्ड्यांकडे बोट दाखवलं. सगळ्या माझ्या शिफ्टमधल्या होत्या.
उद्यापासून तिच्यासाठी वेगळा फॉर्म तयार करतो.

शनिवार, १४ सप्टेंबर. दुपारी ४
फॉर्म बायकोनं भाजीच्या टोपलीत अंथरला.
आमच्या खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहतात. त्यांनी भिंगरीला सहा चड्ड्या शिवून दिल्या. चड्ड्या आणायला गेलेली भिंगरी दोन तास त्यांच्याकडेच चिंध्यांत खेळली. कोरडी परत आली. मध्ये एकदा शू सांगितली म्हणे. काकू म्हणाल्या, तुम्ही जवळ नसलात की मुलगी किती गुणी असते हो. बरं वाटलं. माझ्या शिकवणीचा परिणाम मी समोर नसतानाही टिकतो, ही काही लहान गोष्ट नाही.
घरात आल्यावर पाच मिनिटांत गळती. नव्या चड्डीत. आजचा आकडा लिहीत नाही, हात दुखतोय.

मंगळवार, १७ सप्टेंबर. रात्री ८.१५
बायकोशी वाजलं. ती म्हणाली, सहा दिवस राहिले आहेत, तुझा हा खेळ आता बंद कर. खेळ? मी विचारलं, खेळ कशाला म्हणतेस? मग ती बोलतच सुटली. अडीच वर्षं ती घरात बसली, ती हौस म्हणून नव्हे. ती गेली नाही, तर तिच्या हाताखाली शिकलेली मुलगी तिच्या खुर्चीत बसणार. आणि मी घरी असताना पोरगी ओली होते आणि मी वहीत लिहीत बसतो. बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती रडत नाही सहसा. मला फार वाईट वाटलं.

म्हणून ठरवलं, आता कंबर कसायची. बैठक पंधरा मिनिटांऐवजी अर्धा तास. गळती गंभीर असेल तर पाऊण.

गुरुवार, १९ सप्टेंबर. सकाळी ९
पाऊण तासाच्या बैठका सुरू केल्यापासून आकडा दुप्पट झाला आहे. काही म्हणता काही समजत नाही. सकाळपासून तीन. ऑफिसला उशीर होतो म्हणून साहेब वेगळेच तापलेले. नळ बदलता येतो, वॉशर बदलता येतो, हिचं काय बदलायचं?

संध्याकाळी ७.१०
ओरडलो. ओरडायचं नाही असं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, तरी ओरडलो. आधीच दमून आलेलो, त्यात दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच हिनं माझ्याकडे बघत बघत, चक्क हसत, चपलांच्या शेजारी केली. अगं बये, असं म्हणून जे सुरू झालो ते खाली काकूंच्या मशीनचा आवाज थांबेपर्यंत.

भिंगरी घाबरेल असं वाटलं. ती आत गेली, कोपऱ्यातली चटई फरफटत घेऊन आली, पसरली आणि वर बसून माझी वाट बघायला लागली. एवढ्याशा पोरीच्या अंगात केवढी शिस्त बाणली आहे! बायको मात्र तिच्याकडे आणि माझ्याकडे बराच वेळ विचित्र नजरेनं बघत होती.

रविवार, २२ सप्टेंबर. सकाळी १०
बायकोची विनंती: उद्या तू बालवाडीत येऊ नकोस. कारण विचारलं. म्हणाली, कारण नंतर सांगेन, पण तुला हात जोडते, येऊ नकोस. मी कबूल केलं. दिलेला शब्द मी मोडत नाही.

सोमवार, २३ सप्टेंबर. सकाळी ९.४०
अंतिम तपासणीला खात्याच्या प्रमुखानं गैरहजर राहणं बरं दिसत नाही. बाईंनी काही तांत्रिक विचारलं तर बायको काय सांगणार? आत जाणार नाही, नुसता दारातून डोकावेन. हे येण्यात धरता येणार नाही. रजिस्टर बरोबर घेतो.

दुपारी १.३०
जसं घडलं तसं लिहितो.
पावणेअकराला पोहोचलो. व्हरांड्यातून बघितलं. आठ-दहा मुलं, रंगीत ठोकळे, बुटक्या खुर्च्या. भिंगरी ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. बायको मागे भिंतीशी बसलेली, चेहरा खुललेला. नंतर समजलं की तोपर्यंत भिंगरीनं दोनदा मदतनीस ताईंचा हात धरून शू सांगितली होती. दोन्ही वेळा जाऊन, हात धुऊन आली होती. बाई नाव लिहिण्यासाठी पेनाचं टोपण काढत होत्या.

तेवढ्यात भिंगरीनं मला बघितलं. बाबा, म्हणून ओरडली. मनोरा सोडला, धावत दारापर्यंत आली, माझ्याकडे बघून छान हसली आणि जागच्या जागी फ्रॉकपासून बुटापर्यंत सगळं भिजवलं. मग माझं बोट धरलं आणि खाली ओढायला लागली.

बायकोनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी रजिस्टर पाठीमागे लपवलं.

बाई उठल्या. वय झालेल्या आहेत, गुडघे धरून सावकाश भिंगरीसमोर बसल्या. रागावल्या नाहीत. शू आली होती तर सांगितली का नाहीस, असं विचारलं. भिंगरीनं मोठ्या माणसानं लहानाला समजवावं तसं त्यांना समजावलं. शू सांगितली की बाबा खूण करतो आणि जातो. चड्डी ओली झाली की बाबा बसतो.

बाईंनी मला विचारलं, किती वेळ बसता? मी म्हटलं, आधी पंधरा मिनिटं, आता पाऊण तास. मोबाइल? बंद. आणि एरवी किती वेळ बसता, ओलं झालेलं नसताना? मी रजिस्टर उघडलं. त्यात तो रकाना नव्हता.

प्रवेश मिळाला. बाई म्हणाल्या, मुलगी पूर्ण तयार आहे, बहुतेक पंधरा दिवसांपासूनच असेल. एकच अट त्यांनी फॉर्मवर स्वतःच्या हातानं लिहिली: पहिला महिना वडिलांनी फाटकाच्या आत येऊ नये.

रिक्षात बायको लॅबला फोन लावत होती. एक तारखेला येते म्हणाली. मग फोन ठेवला आणि हसत सुटली. हसता हसता मला म्हणाली, गुरुवारी चटई बघितली तेव्हाच कळलं मला, पण तुला सांगितलं असतं तर तू आणखी एक फॉर्म केला असतास. खरं आहे. केला असता.

मंगळवार, २४ सप्टेंबर. संध्याकाळी ७.४५
रजिस्टरचं हे शेवटचं पान. प्रकल्प बंद. आज घरी आल्यावर लॅपटॉप उघडला नाही, मोबाइल बायकोकडे दिला आणि गळती नसताना, काही कारण नसताना, भिंगरीशेजारी जमिनीवर जाऊन बसलो.
तिनं खेळ थांबवला. माझ्याकडे संशयानं बघितलं. मग घाईनं स्वतःची चड्डी चाचपली. कोरडी होती.
मग माझी पँट चाचपली.