सहा बाय चारचा पानमळा

डोंबिवली (पूर्व)
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

तीर्थरूप महिपतदादा यांच्या चरणी धाकट्या बहिणीचा, मालनचा, दंडवत. (हे 'तीर्थरूप' आणि 'दंडवत' आईने लावलेल्या सवयीने आपोआप लिहिलं जातं. इथून खाली अरे-तुरे आहे, कारण मी रागावलेली आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल लावतोस की देवळीत ठेवून दिलंस? वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना, आणि तिला चुलीपुढे बसू देत नाहीस ना? माझं बीपी गोळीवर ठीक आहे. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू 'बरं बरं, हिच्याकडे देतो' म्हणतोस आणि सुटतोस. कागद मात्र तू विजेच्या बिलाचासुद्धा पाठपोट वाचतोस, म्हणून हे पत्र. तुझ्या साईनाथकडून कळलं, की यंदा मळ्यात पानं फार छान आली, इतकी गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती, आणि म्हणून तू ग्रामदेवतेला पाच नारळ दिलेस. दिलेस ते चांगलंच केलंस. श्रेय कुणाचं, ते आपण पत्राच्या शेवटी बघू.

तर माझ्याकडे ग्रीनहाउस आहे. घाबरू नकोस, बंगला घेतलेला नाही. मी रिटायर झाले तेव्हा, मागच्या वर्षी गणपतीत, योगिनीने माझ्या गच्चीवर ते बसवून दिलं. सहा फूट लांब, चार फूट रुंद, पारदर्शक पत्र्याच्या भिंती, वर छप्पर, पुढे दार. तू आत आडवा झालास तर पाय बाहेर राहतील. तिचं म्हणणं, आई एकतीस वर्षं नौपाड्याच्या दवाखान्यात बसून पेशंटचे नंबर पुकारत होती, आता घरात बसून ती आमचे नंबर लावेल, तेव्हा तिला काहीतरी हातात द्यावं. (यात तथ्य आहे, पण पोटच्या मुलीने ते चारचौघांत बोलायचं नसतं.) शिवाय आमच्याकडे कारखान्यांच्या बाजूचा वारा सुटला, की गच्चीतल्या तुळशीवर काळी पूड बसते. पत्र्याआड झाड जरा बरं जगेल असा हिशोब.

प्रश्न एवढाच होता, की आत लावायचं काय. दादा, तुला सांगते, मुलीला स्थळ बघताना इतक्या लोकांनी मत दिलं नव्हतं. योगिनीने लेट्यूस सांगितलं. ही कोबीची एक जात आहे, जिने गड्डा धरायचा कंटाळा केलाय. महिन्याभरात ते भरभरून आलं. मी पीठ पेरून भाजी केली, ती पातेल्याच्या तळाला जाऊन बसली. कच्चं खायचं असतं म्हणाली, म्हणून कच्चं खाल्लं. उरलेलं देवळासमोरच्या गाईपुढे टाकलं, तिने वास घेतला आणि मान दुसरीकडे वळवली. जावई रत्नदीप हुशार मुलगा आहे, माझ्यावर त्याची माया आहे, पण तो मोबाईलवर व्हिडिओ बघतो. बाळकुमला बाविसाव्या मजल्यावर राहून त्याला शेतीची फार माहिती झाली आहे. त्याने केशर ठरवलं. चोवीस कंद आले, थर्मामीटर आला, पंखा आला, कुठल्या तारखेला काय करायचं त्याचा तक्ता दारावर चिकटला. दिवाळीच्या सुमारास दोन फुलं उमलली. एका फुलात तीन काड्या, म्हणजे एकूण सहा. त्या सहा काड्या आम्ही श्रीखंडात घातल्या, आणि सगळ्यांनी डोळे मिटून चव घेऊन 'लागतंय, लागतंय' म्हटलं. मला काही लागलं नाही. मी तसं सांगितलं.

मग खालच्या मजल्यावरचे गुणाजीभाऊ, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, यांनी सुचवलं की कोथिंबीर लावा, सगळ्या बिल्डिंगला उपयोग होईल. (सगळी बिल्डिंग म्हणजे ते स्वतः आणि त्यांची पोहे खाण्याची वेळ.) लावली. मार्चमध्ये एका दुपारी आत सत्तेचाळीस अंश झाले. कोथिंबीर उभ्या उभ्या शिजली. दार उघडलं तर आमटीचा वास आला. तेव्हा मात्र मी सगळ्यांचा सल्ला बंद केला, वाण्याकडून गोणपाटं आणली, छपरावर आणि तिन्ही बाजूंना टांगली, वर दोन जुन्या सुती साड्या टाकल्या, आणि सकाळ-संध्याकाळ त्यांवर पाणी मारायला लागले.

आठ दिवसांनी, ऐन एप्रिलात, मी भर दुपारी आत शिरले आणि तिथेच उभी राहिले. अंधूक उजेड, ओली हवा, वाऱ्याची झुळूक नाही, आणि गारवा. तुला आठवतं, मी तुझी भाकरी घेऊन मळ्याच्या दारापर्यंत यायचे? रणरणतं ऊन असायचं, आणि दारात चपला काढून गेलेला तू आतून बाहेर यायचास तेव्हा तुझे हात गार असायचे. मला तेवढाच मळा माहीत. तुझे हात. आपल्या घरात बाईमाणसाने पानमळ्यात पाऊल टाकायचं नाही, वेल सुकते. तोडलेली पानं सोप्यात बसून मोजायला, लावायला, ओल्या फडक्यात बांधायला आम्ही चालतो. आईने जन्मभर मोजली, वहिनी चव्वेचाळीस वर्षं मोजते आहे. ती वेल जमिनीतून कशी वर येते, हे दोघींनी बघितलेलं नाही. डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, गोणपाट आणि माझ्या साड्या घेऊन मी नकळत पानमळाच बांधून ठेवला होता. फक्त वेल नव्हती.

आता एक गोष्ट सांगते, ती मी पन्नास वर्षं कुणालाही सांगितलेली नाही, यांनाही ते होते तेव्हा सांगितली नाही. मी अकरा वर्षांची होते. तू कॉलेजच्या सुट्टीत मळ्यात होतास आणि भाकरी घ्यायला यायला उशीर केलास. मी दारातून आत एक पाय टाकला. एकच, उजवा. पाच मोजले आणि बाहेर काढला. त्या पावसाळ्यात अर्धा मळा गेला. वेली मुळातून काळ्या पडल्या, आणि तू मिरजेचं कॉलेज सोडून घरी आलास ते कायमचा. तू एकदासुद्धा कुरकुर केली नाहीस. मी मात्र त्या पायाकडे बघत मोठी झाले. तुझ्या लग्नात वहिनीने माप ओलांडलं तेव्हाही मी तिच्या पायाकडेच बघत होते. मग किती वर्षांनी दवाखान्यात शेतकी कॉलेजातले एक निवृत्त प्राध्यापक ताप घेऊन आले. मी त्यांना सहज विचारलं. ते म्हणाले, पाणी साचलं की मातीतली बुरशी वाढते, मुळं कुजतात, त्या वर्षी पाऊस किती झाला ते आठवा. मी आठवलं. ओढा आपल्या गोठ्यात आला होता. त्यांचा नंबर अठरावा होता, मी त्यांना सातव्या नंबरावर आत सोडलं. लोक ओरडले. एकतीस वर्षांत मी एवढा एकच अन्याय केला आणि त्याचं मला आजही समाधान आहे.

म्हणून वैशाखात साईनाथच्या लग्नाला आले तेव्हा मी तुझ्याकडे वेलीचं बेणं मागितलं. तीन कांड्या, दादा. सोनं नाही, जमीन नाही, वाटणीपत्रावर मी हसत सही करून दिली होती. तू हळदीच्या मांडवात, सगळ्या पाहुण्यांसमोर, हसून म्हणालास, "मालू, वेल लेकीबरोबर जात नाही. मळा रुसतो." सगळे हसले. मीही हसले, कारण लग्नघर होतं. एवढा मोठा मळा, आणि तो तीन कांड्यांवर रुसणार? मग तो फारच कोत्या मनाचा निघाला. मला फार लागलं ते. तू दिलं नाहीस म्हणून नाही. तू क्षणभर विचारसुद्धा केला नाहीस म्हणून.

पावसाळ्यात इथे दुसरंच सुरू झालं. गुणाजीभाऊंच्या बेडरूममध्ये छताला ओल आली (ती दर वर्षी येते, ग्रीनहाउस नव्हतं तेव्हाही यायची), आणि खाली फळ्यावर नोटीस लागली, की गच्चीवरचं अनधिकृत बांधकाम सात दिवसांत हटवावं. मी मीटिंगला गेले. सांगितलं, की हे बांधकाम नाही, कपाट आहे. चार स्क्रू काढले की उचलता येतं, आणि कपाटात काय ठेवायचं हे सोसायटी ठरवत नाही. कमिटी पाहणीला वर आली. पाच जण. मी दारात खुर्ची टाकून बसले होते. सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या (का, ते विचारू नकोस), आणि एकेकाला नंबराने आत सोडलं. सवय जात नाही. गुणाजीभाऊ आत गेले ते बराच वेळ बाहेर येईनात. मी हाक मारली तर म्हणाले, "थांबा हो वहिनी, इकडे किती बरं वाटतंय." दुसऱ्या दिवशी नोटीस उतरली. आता ते रोज दुपारी पेपर घेऊन येतात आणि दहा मिनिटं आत बसतात. कोथिंबिरीचं नाव काढत नाहीत.

तेव्हा ठरलं ते कळवते. लेट्यूस नाही, केशर नाही, कोथिंबीर नाही. माझ्या ग्रीनहाउसात नागवेल लागणार. तुझी परवानगी मागत नाही, बेणंही मागत नाही. वेल कुठून येईल ते माझं मी बघेन. मळा रुसला तर त्याची समजूत काढायला तू आहेसच. वहिनीला नमस्कार, साईनाथला आणि सूनबाईला आशीर्वाद. तेल लाव.

तुझी बहीण,
मालन

ता. क. : वर 'लागणार' लिहिलं ते खरं नाही. लागलेली आहे, सात महिने झाले. साईनाथची वरात निघाली आणि तुम्ही सगळे बँडपुढे नाचायला गेलात, तेव्हा मी मळ्यात गेले. पूर्ण गेले, दोन्ही पायांनी. तीन कांड्या कापल्या, ओल्या फडक्यात बांधल्या आणि आहेराच्या साडीच्या घडीत घालून आणल्या. दोन गेल्या. एक जगली. तिचं एक पान सोबत पाठवलं आहे, पोचेपर्यंत सुकेल, पण वास घेऊन बघ, तुझंच आहे.

ता. क. दुसरा : कुठली वेल कापायची ते मला कसं कळलं असेल, असा प्रश्न तुला पडेल. मला कळलं नाही. वहिनीने पानांवरून ओळखली. ती माझ्यासोबत आत होती. चव्वेचाळीस वर्षं पानं मोजणारी बाई आत गेली आणि कितीतरी वेळ नुसती वर बघत उभी राहिली. तिला एक शब्द बोललास तर माझ्याशी गाठ आहे. आणि आता नीट हिशोब कर. वैशाखात दोन बायका तुझ्या मळ्यात हिंडून आल्या, आणि यंदासारखी पानं तुला कित्येक वर्षांत आली नव्हती. पाचातले दोन नारळ आमचे.

ता. क. तिसरा : पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलं. वेल छताला टेकली आहे, दादा. शेंडा वळून खाली बघतोय. आता तिची उतरण करायला हवी, एवढं मला माहीत आहे, कारण तू आणि अप्पा दर वर्षी 'उतरण, उतरण' म्हणायचात. पण वेल खाली कशी घ्यायची, किती वेटोळी करून मातीत दाबायची, परत कशी बांधायची, हे मला कुणी शिकवलं नाही, मी दाराबाहेर उभी होते. रत्नदीप व्हिडिओ दाखवतो. मला व्हिडिओ नको. तू ये. वहिनीला घेऊन ये, बांधायला लव्हाळा आण, आणि आम्हा दोघींना शिकव.

ता. क. शेवटचा : ग्रीनहाउसात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतील, तुलाही सूट नाही. त्या दिवशी मळ्याच्या दारात आम्ही दोघींनीही काढल्या होत्या.